सायकल आपल्या शरीराला जुळवून कशी घ्यावी

सायकल चालवून गुडघा दुखू लागला की आपण गुडघ्याला मलम लावतो, बूड दुखू लागले की सीटवर मऊ कव्हर चढवतो आणि तळहात बधिर झाले की जाड हातमोजे आणतो. या उपायांनी थोडे दिवस बरे वाटते, पण त्रास परत येतो, कारण सायकलवर दुखण्याची जागा एक असते आणि त्याचे कारण बहुधा दुसरीकडेच असते. तळहातांवरचा भार अनेकदा पुढे कललेल्या सीटमुळे वाढलेला असतो, मान आखडण्याचे मूळ लांब पडणाऱ्या हँडलमध्ये सापडते आणि गुडघ्याच्या वाटीमागची ठणक दोन सेंटिमीटर खाली राहिलेल्या सीटपासून सुरू झालेली असते. मिनिटाला ८० फेऱ्यांच्या गतीने पॅडल मारणारा माणूस तासाभरात प्रत्येक गुडघा ४,८०० वेळा वाकवतो आणि सरळ करतो. इतक्या वेळा होणाऱ्या हालचालीत काही मिलिमीटरांची चूकसुद्धा जाणवल्याशिवाय राहत नाही.

शरीर सायकलला तीनच ठिकाणी टेकते: पाय पॅडलवर, बूड सीटवर आणि हात हँडलवर. यांपैकी पॅडल ज्या केंद्राभोवती फिरते, ती जागा फ्रेमने कायमची ठरवून दिलेली असते. म्हणून मोजणी तिथून सुरू करावी, आधी सीट बसवावी आणि हँडलला सर्वांत शेवटी हात लावावा. हा क्रम मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो. हँडल लांब पडते म्हणून सीट पुढे सरकवणारे लोक हातांची सोय करायला जातात आणि गुडघ्यांचे गणित बिघडवून बसतात.

जुळवणीपूर्वीची तयारी

ॲलन कींचा (षटकोनी खाचेचे बोल्ट फिरवणाऱ्या किल्ल्यांचा) संच, मोजपट्टी, चिकटपट्टी, ओळंब्यासाठी दोरा व एखादे छोटे वजन आणि एक वही एवढ्यावर बहुतेक सगळे काम होते. कोणताही बोल्ट सैल करण्याआधी सध्याची मापे वहीत लिहून ठेवावीत आणि सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, फ्रेममध्ये जिथे शिरतो तिथे चिकटपट्टीने खूण करावी, म्हणजे बदल मानवला नाही तर मूळ स्थितीत परत येता येते. सायकल सपाट जमिनीवर असावी. सायकल जागच्या जागी चालवता येईल असा स्टँड, म्हणजे ट्रेनर, असेल तर उत्तम, नसेल तर भिंतीचा आधार घेऊन कोणाला तरी सायकल धरायला सांगावे. नेहमी सायकल चालवताना जे बूट आणि जी पँट वापरता, तीच मोजणीच्या वेळी घालावी. तळव्याच्या जाडीनेही पायाची लांबी बदलते.

फ्रेमच मुळात चुकीच्या मापाची असेल, तर पुढची सगळी खटपट मर्यादित उपयोगाची ठरते. आडव्या दांडीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिल्यावर दांडी आणि जांघ यांच्यात रोड सायकलला किमान दोन-तीन सेंटिमीटर आणि डोंगरी वाटांवरच्या सायकलला त्याहून जास्त मोकळी जागा हवी. मात्र ही केवळ सुरक्षिततेची कसोटी आहे. फ्रेम बसते की नाही हे खरे तर तिच्या लांबीवर ठरते, म्हणजे सीटपासून हँडलपर्यंतच्या अंतरावर, कारण सीटची उंची सहज बदलता येते. लांबी मात्र थोडीशीच कमीजास्त करता येते.

सीटची उंची

सगळ्या मापांत हे माप सर्वांत प्रभावी आहे आणि सर्वांत जास्त चुकलेलेही हेच आढळते. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत, ही समजूत त्याचे मुख्य कारण आहे. पाय सपाट टेकतील इतकी सीट खाली असेल, तर पॅडल वर येताना गुडघा फार तीव्र कोनात दुमडतो आणि त्याच दुमडलेल्या स्थितीतून त्याला जोर लावावा लागतो. गुडघ्याच्या वाटीच्या मागे आणि पुढे होणारे दुखणे बहुतांशी इथून येते. योग्य उंचीच्या सीटवर बसल्यावर सहसा फक्त पायाची बोटे किंवा चवडा जमिनीला लागतो आणि थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकावा लागतो. नवशिक्याला याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. त्याने सीट सुरुवातीला थोडी खाली ठेवावी आणि थांबण्याचा सराव होईल तशी ती टप्प्याटप्प्याने वर न्यावी.

सर्वांत सोपी पद्धत टाचेची आहे. सीटवर सरळ बसून एक पॅडल सर्वांत खालच्या स्थितीत आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. गुडघा नेमका सरळ झाला आणि टाच पॅडलला जेमतेम टेकली, तर उंची जवळपास योग्य आहे. चालवताना टाचेऐवजी चवडा पॅडलवर येतो, पाय तेवढा लांब होतो आणि गुडघ्यात आपोआप हलकासा बाक राहतो. हे पाहताना कंबर एका बाजूला कलू देऊ नये, नाही तर माप फसवे निघते.

अधिक नेमकेपणासाठी पायाची आतली लांबी मोजावी. अनवाणी, पावलांमध्ये वीतभरापेक्षा थोडे कमी अंतर ठेवून भिंतीला पाठ लावून उभे राहावे, एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये धरून सीटवर बसल्यासारखा दाब येईपर्यंत वर ओढावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. या मापाला ०.८८३ ने गुणले की पॅडल ज्या केंद्राभोवती फिरते, तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. १९८६, १९८९ आणि १९९० साली टूर द फ्रान्स जिंकणारे ग्रेग लेमाँड यांच्या नावाने हे सूत्र ओळखले जाते. त्याआधी १९६७ साली हॅम्ली आणि थॉमस या संशोधकांनी पायाच्या आतल्या लांबीच्या १०९ टक्के हे माप मांडले होते. ते सर्वांत खाली असलेल्या पॅडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत मोजतात. पायाची आतली लांबी ८० सेंटिमीटर असेल, तर पहिल्या सूत्राने ७०.६ सेंटिमीटर येतात. त्यात १७ सेंटिमीटरचा क्रँक (पॅडलला त्या केंद्राशी जोडणारा दांडा) मिळवला की ८७.६ होतात आणि दुसऱ्या सूत्राने ८७.२. दोन्हींतला फरक अवघा चार मिलिमीटरांचा आहे, म्हणून सुरुवातीची उंची ठरवायला कोणतेही सूत्र चालेल.

तरीही सूत्राला पावलाची लांबी, बुटाच्या तळव्याची जाडी आणि स्नायूंची लवचिकता कळत नाही. म्हणून अंतिम खात्री गुडघ्याच्या कोनावरून करावी. कोणाला तरी बाजूने व्हिडिओ काढायला सांगावा आणि पॅडल सर्वांत खाली असलेल्या क्षणी मांडीच्या वरच्या बाहेरील हाडापासून गुडघ्यापर्यंत आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत रेषा ओढून पाहाव्यात. पूर्ण सरळ पायापासून मोजल्यास गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला असावा. ज्यांच्या मांडीच्या मागच्या शिरा आखडलेल्या आहेत किंवा ज्यांनी बऱ्याच काळानंतर सायकल हाती घेतली आहे, त्यांनी ३५ अंशांच्या बाजूला राहणे शहाणपणाचे ठरेल.

सीट फार उंच असल्याची लक्षणे मागून पाहणाऱ्याला लगेच दिसतात: प्रत्येक फेरीला कंबर डावी-उजवीकडे हेलकावते, पॅडल खाली जाताना पायाची बोटे ताणली जातात आणि तासाभराने गुडघ्याच्या मागच्या खळगीत किंवा कमरेत दुखू लागते. सीटपोस्टवर कमाल उंचीची खूण कोरलेली असते. ती खूण फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये, कारण त्यापलीकडे फ्रेम किंवा सीटपोस्ट तुटण्याचा धोका असतो. योग्य उंची त्या खुणेच्या वर येत असेल, तर लांब सीटपोस्ट घ्यावा किंवा मोठी फ्रेम पाहावी.

पुढे-मागे, कल आणि रुंदी

उंची ठरल्यावर दोन्ही क्रँक जमिनीला समांतर आणावेत आणि पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथून ओळंबा सोडावा. दोरा पॅडलच्या अक्षावरून किंवा त्याच्या किंचित मागून जावा. ही कसोटी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, परंतु तिच्यामागे शरीरशास्त्राचा भक्कम नियम नाही, ही टीका सायकल बांधणाऱ्या जाणकारांनीच केली आहे. मला ती टीका पटते. तरी सुरुवात करायला एखादी जागा लागतेच आणि त्यासाठी ओळंबा पुरेसा आहे. पुढे संतुलन सांगेल तसे काही मिलिमीटर सरकावे. सीट पुढे आणली की धड पुढे जाते आणि हातांवरचा भार वाढतो. मागे नेली की तो भार पाय आणि नितंब पेलतात. सीटपोस्ट तिरका असल्यामुळे सीट एक सेंटिमीटर मागे नेली की पॅडलपासूनचे तिचे अंतर साधारण तीन मिलिमीटरांनी वाढते, म्हणून मागे नेताना तेवढी खाली आणि पुढे आणताना तेवढी वर घ्यावी. हे विसरल्यामुळे नीट बसवलेली उंची पुष्कळदा नकळत बिघडते.

कल पाहण्यासाठी सीटवर एक सपाट फळी ठेवून तिच्यावर पाणसळ धरावी. सुरुवात पूर्ण सपाट स्थितीपासून करावी. समोर दाब जाणवत असेल, तर सीटचे नाक, म्हणजे पुढचे टोक, एक-दोन अंश खाली करावे. त्याहून जास्त खाली केले की शरीर सतत पुढे घसरते आणि ते थोपवण्यासाठी हात, खांदे आणि मान अखंड ताणलेली राहतात. नाक वर असेल, तर जांघेतल्या नाजूक भागावर आणि तिथल्या नसांवर दाब येतो. त्या भागाला बधिरपणा येणे ही सहन करण्याची किंवा संकोचाने लपवण्याची गोष्ट नाही. तो आलाच, तर कल, उंची आणि सीटची रुंदी तातडीने तपासावी आणि चालवतानाही दर दहा-पंधरा मिनिटांनी क्षणभर पॅडलवर उभे राहून रक्तप्रवाह मोकळा करावा.

सीट स्वतःच योग्य आहे का, हा प्रश्न मऊपणाचा नसून रुंदीचा आहे. शरीराचा भार बसण्याच्या दोन हाडांवर पडायला हवा. या हाडांमधले अंतर माणसागणिक वेगळे असते. वजन किंवा कमरेचा घेर पाहून ते ओळखता येत नाही. कडक स्टुलावर नालीदार पुठ्ठा ठेवून, पाय किंचित उचलून, सायकलवर वाकतो तितके वाकून त्यावर बसावे. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजून त्यात साधारण दोन सेंटिमीटर मिळवले की पुढे झुकून चालवणाऱ्यासाठी सीटच्या रुंदीचा अंदाज येतो. सरळ बसून चालवणाऱ्याला त्याहून रुंद सीट लागते. फार मऊ सीटमध्ये ही हाडे खोल रुततात आणि मधला मऊ भाग वर दाबला जातो, म्हणून दुकानात सुखद वाटलेली सीट तासाभरात नकोशी होते. लांब अंतरासाठी बेताची कडक, योग्य रुंदीची सीट आणि पॅड असलेली घट्ट शॉर्ट्स हा जोड अधिक टिकाऊ आहे. अशी शॉर्ट्स थेट अंगावर घालावी. आत आणखी कपडा घातला की त्याच्या शिवणी कातडी सोलतात.

पाय आणि पॅडल

पॅडलवर पावलाचा मध्य किंवा टाच ठेवू नये. चवड्याचा सर्वांत रुंद भाग पॅडलच्या अक्षावर किंवा त्याच्या थोडा पुढे यावा. क्लीट, म्हणजे बुटाला पॅडलमध्ये अडकवणारी तळव्याखालची पट्टी, लावत असाल, तर आधी पलंगाच्या कडेवर बसून पाय सैल सोडावेत आणि पावले नैसर्गिकपणे कुठे वळतात ते पाहावे. क्लीटने पावलाला तीच दिशा द्यावी. पाऊल सक्तीने आत किंवा बाहेर वळवले की तो पीळ गुडघ्याने सोसायचा असतो आणि मग गुडघ्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला दुखू लागते. चवड्याला जळजळ होत असेल, तर क्लीट काही मिलिमीटर टाचेकडे सरकवावा आणि बुटाचे बंद सैल करावेत. लांब फेरीत पावले सुजतात हे लक्षात ठेवलेले बरे.

गुडघ्यांचे रक्षण जेवढे मापांनी होते, तेवढेच गिअरच्या निवडीनेही होते. जड गिअरमध्ये मिनिटाला ५०-६० फेऱ्या दाबत राहण्यापेक्षा हलक्या गिअरमध्ये ८०-९० फेऱ्या मारल्यास वेग तोच राहतो आणि प्रत्येक फेरीतला गुडघ्यावरचा जोर कमी होतो. चढ सुरू होण्याआधीच गिअर उतरवावा.

हँडल आता

सीट स्थिर झाल्यावर उरलेला प्रश्न एवढाच की हात कुठे आणि किती उंचीवर टेकावेत. आरामात चालवायचे असेल, तर हँडल सीटच्या उंचीला किंवा थोडे वर ठेवून सुरुवात करावी. पाठ आणि मांडीमागचे स्नायू सैल होतील तसे ते हळूहळू खाली आणता येते. कोपरांत हलका बाक राहावा आणि खांदे कानांपासून दूर, खाली असावेत. कोपरे ताठ होत असतील, हात नकळत हँडलच्या जवळच्या भागाकडे सरकत असतील किंवा पुढे पाहण्यासाठी मान मागे मोडावी लागत असेल, तर हँडल लांब किंवा खाली आहे. उलट पाठीला पोक येऊन गुडघे कोपरांजवळ येत असतील, तर ते फार जवळ आहे. अंतर बदलायचे ते स्टेम, म्हणजे हँडलला फ्रेमच्या पुढच्या भागाशी जोडणारा तुकडा, बदलून, शक्यतो एका वेळी एका सेंटिमीटरच्या टप्प्याने. काही स्टेम उलटे बसवूनही हँडलची उंची बदलते, त्यामुळे नवा भाग विकत घेण्याआधी ते करून पाहावे.

नव्या पद्धतीच्या सायकलींवर स्टेमखालच्या रिंगा वरखाली करून उंची बदलतात. हे करताना क्रम चुकू नये: बाजूचे बोल्ट सैल करून बदल झाल्यावर आधी वरच्या टोपीचा बोल्ट हँडलमधली ढिलाई जाईपर्यंतच आवळावा, मग स्टेम पुढच्या चाकाशी सरळ करून बाजूचे बोल्ट आवळावेत. नंतर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवून पाहावी. खटखट जाणवली, तर काम पुन्हा करावे. जुन्या पद्धतीच्या स्टेमवर सीटपोस्टसारखीच कमाल उंचीची खूण असते आणि तीही दिसता कामा नये.

हँडलची रुंदी साधारण खांद्यांच्या हाडांएवढी ठेवावी. ब्रेकचे लिव्हर अशा कोनात फिरवावेत की बोटे त्यांवर ठेवल्यावर कोपर, मनगट आणि बोटे एका रेषेत राहतील. मनगट वर मोडलेले राहिले की तळव्यातल्या नसा दबतात. करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील, तर तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूची नस दबते आहे; अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल, तर मनगटाच्या मधून जाणारी नस. दोन्ही वेळा आधी सीटचा कल आणि हातांवर पडणारा भार पाहावा, मग लिव्हरचा कोन, आणि मगच हातमोज्यांचा विचार करावा.

चालवताना शरीर कसे ठेवावे

मापे बरोबर असूनही वाकण्याची पद्धत चुकली, तर पाठ दुखतेच. पुढे झुकताना कंबरेतून पोक काढू नये. ओटीपोट पुढे कलवून खुब्यातून वाकावे, म्हणजे पाठीचा कणा आपला नैसर्गिक बाक राखून लांब राहतो. पकड सैल असावी. ट्रेनरवर मध्यम जोराने पॅडल मारत असताना दोन्ही तळवे हँडलवरून क्षणभर उचलून पाहावेत: धड जागेवर राहिले तर भार नीट वाटला गेला आहे, पुढे कोसळायला झाले, तर सीट फार पुढे किंवा पुढे कललेली आहे अथवा पोट आणि पाठीच्या स्नायूंना बळ कमी पडते आहे. त्या बळासाठी सायकलबाहेरचा व्यायाम लागतो. कोणताही बोल्ट फिरवून ते मिळत नाही.

रस्त्यावर हातांची जागा दर काही मिनिटांनी बदलावी. खड्डा दिसताच कोपरे आणि गुडघे थोडे वाकवून सीटवरून किंचित उठावे, म्हणजे धक्का कण्यापर्यंत पोहोचत नाही. टायरमध्ये गरजेपेक्षा जास्त हवा भरण्याची सवयही हात आणि पाठ यांना महागात पडते. टायरवर छापलेला कमाल आकडा ही मर्यादा आहे, गाठायचे लक्ष्य नाही. हेल्मेट कपाळावर फार खाली आले तरी पुढचे पाहण्यासाठी मान मोडावी लागते.

बदल एका वेळी एकच करावा आणि तो लहान असावा. सीटची उंची तीन ते पाच मिलिमीटरांच्या टप्प्याने बदलावी, दोन-तीन फेऱ्या माराव्यात, काय जाणवले ते वहीत लिहावे आणि मगच पुढचा बदल करावा. एकाच दिवशी सीट, स्टेम आणि क्लीट हलवले, तर आराम कशामुळे मिळाला किंवा दुखणे कशामुळे वाढले हे कधीच कळत नाही. स्नायूंना नव्या स्थितीची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून त्या काळात अंतर आणि जोर दोन्ही कमी ठेवावेत. स्नायूंचा थकवा एक-दोन दिवसांत निवतो. सांध्यातली टोचणारी कळ तशी निवत नाही आणि ती दिसली की शेवटचा बदल मागे घ्यावा. गुडघ्याला सूज येणे, विश्रांतीतही ठणकणे, फेरी संपल्यावरही बधिरपणा न जाणे, किंवा कायम एकाच पायाला त्रास होणे, ही लक्षणे असतील तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडे जावे. दोन पायांच्या लांबीत फरक असल्याची शंका आल्यास घरच्या घरी क्लीटखाली चकत्या घालू नयेत. हा फरक खरा आहे की कंबर कलल्यामुळे भासतो, हे तपासणीनेच ठरते.

नवे बूट, नवे पॅडल किंवा नवी सीट आली की उंची पुन्हा मोजावी, कारण दोन सीटांच्या जाडीत सेंटिमीटरचाही फरक असू शकतो. वाढत्या मुलांच्या सायकलीची मापे दर काही महिन्यांनी पाहावीत. सीटपोस्टवरच्या चिकटपट्टीची खूण तशीच राहू द्यावी: बोल्ट सैल होऊन सीट हळूहळू खाली सरकत असेल, तर ते गुडघ्याच्या आधी त्या खुणेवर दिसते.